पाड्यावरची ताकद

माझ्या लहानपणी नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात व्यायाम करणारं कुणी नव्हतं. सकाळी उठून जोर काढणारा, बैठका मारणारा माणूस आमच्या पाड्यावर मी पाहिला नाही. तरीही साठीची बाई डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन दरीतून वर यायची, मोळी उतरवायच्या आधीच शेजारणीशी बोलू लागायची आणि बोलताना तिला धाप लागलेली नसायची. आज मी नाशिकमध्ये पर्सनल ट्रेनर म्हणून काम करतो. माझ्याकडे पहिल्यांदा येणाऱ्या तिशी-पस्तिशीतल्या बहुतेक माणसांना दोन जिने चढून आल्यावर आपलं नावसुद्धा एका दमात सांगता येत नाही. ही माणसं आळशी नाहीत, दिवसभर मान मोडून काम करणारी आहेत. फक्त त्यांच्या कामात शरीराला काही करायला उरलेलं नाही. माझी सगळी विद्या मी या दोन माणसांच्या मधल्या अंतरात शिकलो आहे.

नाशिकहून पेठकडे निघालं की पंचवटी मागे पडते, द्राक्षबागा संपत येतात, सावळ घाट लागतो, मग करंजाळी, मग कोटंबी घाट. पन्नास-पंचावन्न किलोमीटरच्या या रस्त्यावर माती, झाडं आणि माणसांची चाल बदलत जाते. आमचा तालुका सह्याद्रीच्या माथ्यावर बसलेला. पावसाळ्यात पाऊस इतका कोसळतो की इरलं डोक्यावरून उतरत नाही, आणि ते सगळं पाणी दमणगंगेकडे, पश्चिमेकडे वाहून जातं. होळी झाली की विहिरी तळ दाखवू लागतात. सपाट जागा कमीच. घर टेकाडावर, शेत उतारावर, पाणी दरीत. कुठेही जायचं तर उतरायचं आणि परत चढायचं, हा आमच्याकडचा नियम होता.

आजीचा दिवस मला आता पाठ आहे, कारण माणसाकडे त्याच्या हालचालींवरून बघायची सवय या धंद्याने लावली. तेव्हा तो फक्त आजीचा दिवस होता. कोंबडं आरवायच्या सुमारास ती जात्यावर बसायची. नागली, म्हणजे नाचणी, दळायची तर एक पाय लांब, एक दुमडलेला, आणि खुंटा धरून कमरेतून खांद्यापर्यंत सगळं अंग गोल फिरवायचं. मग पाणी. चुंबळीवर हंडा, हंड्यावर कळशी. हंड्यात १२-१५ लिटर पाणी असेल, म्हणजे तेवढेच किलो. मान ताठ, नजर पुढे, पाय मात्र वाटेतला प्रत्येक दगड ओळखणारे. १९८६ साली केनियातल्या लुओ आणि किकुयू बायकांवर एक अभ्यास ‘नेचर’ या शास्त्रीय नियतकालिकात आला होता. शरीराच्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्श्यापर्यंत ओझं त्या डोक्याच्या आधाराने जवळजवळ जादा श्रमाशिवाय नेतात, असं त्यात दिसलं होतं. लहानपणापासूनच्या सवयीने चाल अशी घडते की शरीर आपली शक्ती वाया घालवत नाही. मी तो अभ्यास वाचला तेव्हा मला विहिरीची वाट आठवली. आमच्या बायकांचं मोजमाप कुणी केलेलं माझ्या वाचनात नाही. करायला हवं होतं.

पाणी आणलं की चूल, आणि चुलीपुढे उकिडवं बसणं. भाकरी थापताना, भांडी घासताना, तांदूळ निवडताना, कोंबड्यांना दाणे टाकताना, गप्पा मारतानाही उकिडवं. टाच जमिनीला पूर्ण टेकलेली, पाठ सैल, गुडघे छातीशी. टांझानियातल्या हाड्झा नावाच्या, शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्या लोकांवर अलीकडे एक अभ्यास झाला. ती माणसं दिवसातले दहाएक तास बसूनच काढतात, म्हणजे आपल्या शहरी माणसाइतकीच. पण ती अनेकदा उकिडवी किंवा गुडघ्यांवर बसतात, त्यामुळे बसल्या जागीही पायांचे स्नायू काम करत राहतात. खुर्चीने आपल्याकडून काय काढून घेतलं, हे मला तिथे नीट कळलं. माझ्याकडे येणाऱ्या माणसाला मी पहिल्या दिवशी फक्त उकिडवं बसायला सांगतो. टाचा उचलल्या जातात, तोल मागे जातो, कुणी भिंत धरतं. आजी आयुष्याच्या शेवटच्या वर्षापर्यंत तशी बसत होती.

आणि शेती. शेतीचं वर्ष आठवलं की मला वाटतं, चांगल्यातला चांगला प्रशिक्षकही असं वेळापत्रक सहज आखू शकणार नाही. उन्हाळ्यात राब भाजायचा. त्यासाठी पालापाचोळा, फांद्या, शेण डोंगरातून आणून वाफ्यावर पसरायचं. मोठं ओझं, छोट्या खेपा. पाऊस लागला की नांगरणी, चिखलणी. गुडघाभर चिखलातून पाय उपसत चालायचं म्हणजे काय, ते चाललेल्यालाच माहीत. मग आवणी. कमरेतून वाकून दिवसभर रोपं लावायची. दसरा-दिवाळीच्या सुमाराला कापणी, मग भारे खळ्यावर आणणं, झोडणी. आणि वर्षभर, लागेल तसं, उखळात मुसळाने भात कांडायचं. दोघी समोरासमोर, एकीचं मुसळ खाली तेव्हा दुसरीचं वर. ताल चुकला तर मुसळावर मुसळ आदळणार, म्हणून चुकत नसे. खांदे, पाठ, पोट, मांड्या, सगळं एका झटक्यात कामाला लागतं. आज जिममध्ये जड चेंडू डोक्यावरून जमिनीवर आपटायचा व्यायाम मी घेतो तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे मुसळच असतं. मार्गशीर्षात डोंगऱ्या देवाचा उत्सव यायचा. धान्य घरात आलेलं, हात मोकळे. पुरुष गोल धरून पावरीच्या सुरावर रात्र-रात्र नाचायचे. जड कामाचा हंगाम, मग बऱ्यापैकी हलका हंगाम, मग नाच. प्रशिक्षणाच्या पुस्तकांत ज्याला वर्षाची आखणी म्हणतात, ती आमच्याकडे पावसाने आखून दिली होती.

आम्ही मुलं शाळेला चालत जायचो, ढोरांमागे डोंगरात जायचो, झाडावर चढायचो, नदीत डुंबायचो. पायात चपला क्वचित. पेठचा बाजार म्हणजे मोठी चाल, पण सगळा गाव चालत असायचा, म्हणून ती लांब वाटत नसे. जागतिक आरोग्य संघटना सांगते, प्रौढ माणसाने आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम करावा. आजीचं आठवड्याचं हे काम पहिल्याच दिवशी दुपारच्या आत होऊन जायचं.

ताकद ही शिकवण्याची आणि शिकण्याची गोष्ट आहे, हे मला नाशिकला शिकायला आल्यावर कळलं. आमच्याकडे तालीम नव्हती. ती परंपरा खालची, गोदाकाठची, पेठांची आणि वाड्यांची. नाशिक जिल्ह्याला या बाबतीत मोठा वारसा आहे. मल्लखांबाला ज्यांनी आजचं रूप दिलं ते बाळंभटदादा देवधर याच जिल्ह्यातल्या कोठुऱ्याचे. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारात अली आणि गुलाब या दोन पहिलवानांनी आव्हान दिलं, ते या कोवळ्या पोराने स्वीकारलं, तो तयारीसाठी वणीच्या सप्तशृंगीच्या डोंगरात जाऊन राहिला आणि तिथे झाडांवर वानरांच्या उड्या पाहून त्याला मल्लखांब सुचला, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेतलं खरं किती, हे इतिहासकारांनी ठरवावं. मला त्यातली एक गोष्ट फार आवडते. वणीचा डोंगर आमच्या बाजूचा. तिथली झाडं, तिथली वानरं आमची रोजची. शरीराची विद्या डोंगरात पाहून सुचली, ही कल्पना माझ्या मनात घर करून बसली आहे. त्याच विद्येची पुढची पिढी नाशिकच्या यशवंत व्यायामशाळेसारख्या ठिकाणी आणि तिकडे अमरावतीला १९१४ साली स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात घडली. अमरावतीच्या मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी आपले देशी व्यायाम करून दाखवले होते.

मी शहरात जी तालीम पाहिली ती पडत्या काळातली. लाल मातीचा हौदा, कोपऱ्यात मारुती, भिंतीला टेकवलेले मुद्गल, एक गदा, आणि दाराशी स्टुलावर बसलेले वस्ताद. मी कुस्ती शिकलो नाही, कडेला बसून पाहायचो. वस्तादांची एक पद्धत मी तिथेच उचलली. नवा मुलगा आला की ते त्याला काही दिवस काहीच शिकवत नसत. माती खणायला लावायचे, पाणी मारायला लावायचे आणि बघत राहायचे. पोरगा वाकतो कसा, उठतो कसा, श्वास कुठे अडतो. घरी काय खातो, हे विचारायचे. बाप काय करतो, तेही. मग एक दिवस म्हणायचे, “चल, आता जोर काढ.” त्या पोराला किती जोर झेपणार, हे त्यांना तोवर कळलेलं असायचं. आज ट्रेनरकडे वजनकाटा असतो, चरबी मोजायचं यंत्र असतं, मनगटावर नाडी मोजणारं घड्याळ असतं. ही साधनं चांगली आहेत, मी ती वापरतो. पण माणूस नीट बघायला वस्ताद जेवढा वेळ द्यायचे, तेवढा आज आम्हाला कुणी देत नाही. पैसे भरलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी घाम हवा असतो.

जिममध्ये मी मदतनीस म्हणून लागलो, तिथून पुढे प्रशिक्षण घेतलं, शरीररचना शिकलो, इंग्रजी पुस्तकं शब्दकोश घेऊन वाचली. वजन उचलायचं शास्त्र शिकताना मला सारखं घर दिसायचं. दोन हातांत जड वजनं घेऊन चालायच्या व्यायामाला जगभर ‘फार्मर्स वॉक’ म्हणतात. म्हणजे शेतकऱ्याची चाल. आमच्याकडे बापे माणसं खांद्यावर कावड घेऊन नागलीची पोती न्यायची, तीच ही चाल. ‘डेडलिफ्ट’ म्हणजे जमिनीवरून ओझं नीट उचलणं. ‘स्टेप-अप’ म्हणजे चढण. हे लक्षात आल्यावर माझी भीती गेली. मला नवीन काही शिकायचं नव्हतं, जे अंगात होतं त्याला नावं द्यायची होती आणि त्याचं प्रमाण ठरवायचं होतं.

या प्रमाणाचं महत्त्व मला खऱ्या अर्थाने धावपटू कविता राऊतने शिकवलं. तिला मी ओळखत नाही, पण आमच्या भागातल्या प्रत्येकाला ती घरची वाटते. तिचं गाव सावरपाडा हरसूलजवळ, त्र्यंबकेश्वर तालुक्यातलं, आमच्या शेजारचं. तेच डोंगर, तोच पाऊस, त्याच पाण्याच्या वाटा. धावायला बूट लागत नाहीत, अनवाणीही धावता येतं, म्हणून हा खेळ निवडल्याचं तिने सांगितलेलं आहे. नाशिकला भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे प्रशिक्षक विजेंदर सिंग यांच्या हाताखाली ती तयार झाली. २०१०च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये तिने कांस्य मिळवलं. १९५८ साली मिल्खा सिंग यांनी सुवर्ण मिळवल्यानंतर राष्ट्रकुल स्पर्धेत धावपट्टीवर भारताला मिळालेलं ते पहिलं वैयक्तिक पदक होतं. त्याच वर्षी ग्वांगझू आशियाई स्पर्धेत तिचं रौप्य. पहिल्या आलेल्या प्रीजा श्रीधरनच्या आणि तिच्या वेळेत एका सेकंदाचाही फरक नव्हता. २०१२ साली अर्जुन पुरस्कार, २०१६ साली रिओ ऑलिम्पिकची मॅरेथॉन. लोकांनी तिला ‘सावरपाडा एक्सप्रेस’ म्हटलं.

त्या दिवसांत लोक म्हणायचे, “ही आदिवासी पोरं आहेत, यांच्या अंगातच असतं.” मला हे वाक्य तेव्हाही खटकायचं, आजही खटकतं. अंगातच असतं, तर मग दरवर्षी प्रत्येक पाड्यावरून एक कविता निघायला हवी होती. डोंगराने तिला दमदार हृदय दिलं, मजबूत पिंडऱ्या दिल्या, सोसायची सवय दिली. डोंगर हजारो मुलींना हे देतो. पण शर्यतीचा वेग कधी धरायचा, आठवड्यात कोणत्या दिवशी जोरात पळायचं आणि कोणत्या दिवशी मुद्दाम हळू, दुखलं तर थांबायचं कधी, खायचं काय, झोपायचं किती, वर्षाच्या कोणत्या महिन्यात शरीर सगळ्यात वरच्या टोकाला पोचायला हवं, हे डोंगर सांगत नाही. ते प्रशिक्षक सांगतो. विजेंदर सिंग यांच्याच हाताखाली नाशिक जिल्ह्यातल्या मोनिका आथरे, संजीवनी जाधवही घडल्या. संजीवनीने २०१७ साली भुवनेश्वरच्या आशियाई ॲथलेटिक्स स्पर्धेत ५,००० मीटरचं कांस्य मिळवलं, मोनिका त्याच वर्षी लंडनच्या जागतिक स्पर्धेत मॅरेथॉन धावली. एका जिल्ह्यात इतक्या लांब पल्ल्याच्या धावपटू एकामागोमाग तयार होतात तेव्हा श्रेय रक्ताला देऊन मोकळं होणं हा त्या मुलींच्या आणि त्यांच्या गुरूच्या मेहनतीचा अपमान आहे.

त्या जुन्या दिवसांचं मी इतकं कौतुक करतो आहे, तर त्यांची दुसरी बाजूही सांगायलाच हवी. ती न सांगणं आजीशी बेइमानी होईल. तिची पाठ पन्नाशीतच वाकली होती. आवणीच्या दिवसांत रात्री ती कमरेला गरम विटकर लावून शेकायची आणि पहाटे पुन्हा चिखलात उतरायची. बाळंतपणानंतर कितव्या दिवशी हंडा उचलला, असं विचारलं की बायका हसून टाळायच्या. श्रावण-भादव्यात कणग्या रिकाम्या व्हायच्या, मग रानभाज्या आणि कंद. कडू कंद उकडून, वाहत्या पाण्यात ठेवून, कडवटपणा काढून खायचा. श्रम होते, त्यांना पुरेल इतकं अन्न नेहमी नव्हतं. विश्रांती तर कुणाच्या हिशेबातच नव्हती. बायकांच्या अंगात रक्त कमी, हे आमच्याकडे जुनं दुखणं आहे. स्नायू श्रमाने वाढतात असं आपण म्हणतो. खरं तर श्रमाने स्नायूवर ताण पडतो आणि तो नंतर, झोपेत आणि अन्नावर वाढतो. श्रम तेवढेच राहिले आणि अन्न-झोप मिळाली नाही, तर शरीर वाढण्याऐवजी झिजतं. म्हणून “जुनी माणसं किती काटक” असं कुणी म्हणालं की मला होकार भरवत नाही. काटक होती ती उरली. जी उरली नाहीत त्यांच्याबद्दल कुणी बोलत नाही.

आताचं पेठ बदललं आहे, आणि बरंचसं चांगल्यासाठी बदललं आहे. भात गिरणीत कांडला जातो, पीठ चक्कीवर होतं, घरोघरी गॅस आले, रस्ते पाड्यांपर्यंत गेले. अनेक ठिकाणी नळ आले, काही ठिकाणी नळाला पाणी यायचं बाकी आहे आणि तिथे एप्रिल-मेमध्ये बायका अजून दरीत उतरतात. ज्या घरी नळाला पाणी आलं त्या घरच्या सुनेची कमर वाचली, याचा मला निखळ आनंद आहे. हंडा डोक्यावरून उतरलाच पाहिजे होता.

पण उतरलेल्या हंड्याच्या जागी काय आलं, ते बघवत नाही. तरुण पोरगा किराणा आणायला मोटारसायकल काढतो. दुकानात माळ्यावरच्या लसणासारख्या वेफर्सच्या पुड्या लोंबत असतात आणि नागली विकून त्याच पुड्या पोरांच्या हातात येतात. नागलीत १०० ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तांदूळ-गव्हाच्या कितीतरी पट. २०२३ साल संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं. ऋजुता दिवेकरांसारख्या आहारतज्ज्ञ शहरातल्या लोकांना वर्षानुवर्षं सांगताहेत की आपल्या मातीतलं धान्य खा. माझे नाशिकचे ग्राहक नागलीचे लाडू ऑनलाइन मागवतात. ज्या शेतात ती पिकते तिथल्या पोराच्या दप्तरात बिस्किटाचा पुडा असतो. दोन्ही घरांत माझं येणं-जाणं आहे, म्हणून हे मला जास्त लागतं.

श्रम संपलेही नाहीत. ते तालुक्याबाहेर गेले. पावसाळा सरला की आमची माणसं दिंडोरी, निफाडच्या द्राक्षबागांत छाटणीला, डिपिंगला म्हणजे घड द्रावणात बुडवायला, पुढे काढणीला जातात. तिथे दिवसभर हात डोक्याच्या वर असतात. खांदे आणि मान धरतात. हे श्रम एकाच सांध्यावर पडतात, महिनोन्महिने. आजीच्या दिवसात निदान वेगवेगळी कामं होती. बागेतून परत आलेल्या बाईला मी खांद्याचे दोन सोपे व्यायाम दाखवतो, भिंतीला पाठ लावून करायचे, तेव्हा ती म्हणते, “सर, हे आधी कुणी सांगितलं नाही.” मजुराला कसरत कशाला, असं लोकांना वाटतं. शरीराकडे तज्ज्ञाने बघावं, ही गरज बंगल्यात राहणाऱ्यापेक्षा तिला जास्त आहे.

आणि आता पेठमध्ये व्यायाम करणारी माणसं आहेत. पहाटे रस्त्यावर गेलात तर दिसतील. मुलं-मुली पोलीस भरतीची तयारी करतात. ५० गुणांची मैदानी चाचणी असते, मुलांना १,६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. यांना शिकवणारे सर असतात, कुठे निवृत्त जवान, कुठे स्वतः भरती झालेला थोरला भाऊ, कुठे शाळेतले खेळाचे शिक्षक. आजच्या पेठचा पर्सनल ट्रेनर म्हणजे हा माणूस. त्याच्या हातात स्टॉपवॉच आणि शिट्टी असते, मैदान म्हणून डांबरी रस्ता असतो. त्याच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. ट्रॅकसूट घातलेली, केस वर बांधलेली मुलगी आपल्या गावाच्या रस्त्यावर पहाटे पळते आणि तिला कुणी टोकत नाही, हे माझ्या लहानपणी कल्पनेतही नव्हतं. जुन्या आणि नव्या काळाची तुलना करताना माझ्या मते हीच सगळ्यात मोठी कमाई आहे. माझी आजी आयुष्यभर राबली, पण केवळ स्वतःसाठी ती एकदाही धावली नाही.

या सरांना मी भेटतो तेव्हा माझ्या पद्धतीतल्या काही गोष्टी सांगतो. रोज वेळ लावून पळवू नका. आठवड्यातून दोन दिवस वेगाचे पुरे, बाकीचे दिवस गप्पा मारता येतील इतक्याच वेगाने पळू द्या. डांबर सोडून मातीची वाट मिळत असेल तर ती धरा, नडग्या वाचतात. चढणीवर पळवा, ती आपल्याकडे फुकट आहे, पण उतारावर सावकाश. ताकदीसाठी यंत्रं लागत नाहीत. दगड, पाण्याचा ड्रम, मातीची गोणी उचलायला लावा, फक्त पाठ सरळ ठेवून, कमरेतून घडी घालून उचलायला शिकवा, म्हणजे आजीची पाठ पोरीच्या वाट्याला येणार नाही. उकिडवं बसणं सोडू देऊ नका. पळून झाल्यावर उपाशी घरी पाठवू नका. नागलीची भाकर, उडदाची डाळ, एखादं अंडं, शेंगदाणे मिळाले तर उत्तम. महागडी पावडर घेऊ नका. मुलींच्या पाळीच्या दिवसांबद्दल त्यांच्याशी नीट बोलेल अशी एखादी बाई, शिक्षिका किंवा आशाताई, जवळ ठेवा. आणि रविवारी सुट्टी द्या. ही सुट्टी प्रशिक्षणाचाच भाग आहे.

एक गोष्ट मी सगळ्यात आधी सांगतो, कारण तिच्यावर जीव अवलंबून असू शकतो. आपल्या आदिवासी भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. ज्यांना तो आजार पूर्ण असतो त्यांना बहुधा ठाऊक असतं, पण ज्यांच्या अंगात तो अर्धा, म्हणजे आई-बापांपैकी एकाकडूनच आलेला असतो त्यांना वर्षानुवर्षं काहीच होत नाही. रोजच्या कामात तर नाहीच. मात्र उन्हात, पाणी न पिता, एकदम जीव तोडून पळताना अशा मुलाच्या रक्तातल्या पेशी वेड्यावाकड्या होऊन स्नायूंचा रक्तपुरवठा अडू शकतो. पाय गळतात, पेटके येतात, पोरगं खाली बसतं आणि बघणाऱ्याला वाटतं की दम कमी पडला. त्या क्षणी “ऊठ, पळ” म्हणणं घातक आहे. त्याला सावलीत घ्यायचं, पाणी द्यायचं, दवाखाना गाठायचा. अमेरिकेत महाविद्यालयांच्या मोठ्या संघांतल्या खेळाडूंची ही तपासणी २०१० पासून करून घेतली जाते. आपल्याकडे १ जुलै २०२३ला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. तपासणी म्हणजे रक्ताचे काही थेंब. ज्याला अर्धा दोष आहे तोही धावू शकतो, भरती होऊ शकतो, पदक मिळवू शकतो. त्याच्या सराने फक्त वेग हळूहळू वाढवायचा, पाणी सोबत ठेवायचं आणि उन्हाचे तास टाळायचे.

नाशिकच्या माझ्या ग्राहकांना मी आता उन्हाळा सरताना पेठला नेतो. महाग यंत्रांवर मिळत नाही ते त्यांना कोटंबीच्या चढणीवर मिळतं. आमच्या पोरांना मी उलट दिशेने नेतो, शहरातल्या धावपट्टीवर, मोजलेल्या ४०० मीटरवर, घड्याळाखाली. दोघांचीही गरज खरी आहे. शहराला चढण हवी आहे आणि डोंगराला शास्त्र.

माझी विनंती पेठ, सुरगाणा, हरसूल भागात पहाटे मुलांना पळवणाऱ्या प्रत्येक सरांना आहे. तुमच्याकडे वही असेल, त्यात मुलांच्या वेळा लिहिता. त्याच वहीत प्रत्येक नावापुढे आणखी दोन रकाने आखा. एक सिकलसेल तपासणीचा, दुसरा रक्तातल्या हिमोग्लोबिनचा. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राशी बोलून ते दोन्ही रकाने भरून घ्या, आणि ते भरल्याशिवाय कुणालाही जोरात पळवू नका.